सुईणीसाठी राखलेली पानं

११ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

सप्रेम सलाम. माझी भावजय गेल्यापासून तुझी पत्रं अर्ध्या पानावर आली आहेत, आणि त्या अर्ध्या पानातही निम्मा मजकूर हवापाण्याचा असतो. जेवतोस का, झोपतोस का, वर्ग घेतोस का, यातलं काहीच कळत नाही. मी थोरली आहे, मला विचारायचा हक्क आहे, तेव्हा पुढच्या पत्रात सरळ उत्तर दे.

आता भांडणाचा विषय. इथल्या लोकांच्या भाषेत केलेल्या शुभवर्तमानाची शेवटची सोळा पानं तुमच्या समितीकडे पाठवून सात महिने झाले. अटक, खटला, क्रूस, आणि तिसऱ्या दिवशीची सकाळ. दोन तपासनिसांच्या सह्या जूनमध्येच आल्या. तिसरा कोण महाभाग आहे ते तुम्ही आम्हाला कळू देत नाही, तो नियमच आहे, पण तू चिटणीस आहेस, तुला ठाऊक असणार. त्याच्या मागे लाग. सोळा पानं वाचायला माणसाला सात महिने लागत असतील, तर त्याला चष्मा तरी द्या नाहीतर सुट्टी तरी द्या.

तुला वाटेल ही उगाच घायकुतीला आली आहे. पण माझी अडचण समितीच्या टेबलावर बसून दिसत नाही. सह्या झाल्याशिवाय शेवटची तपासणी करायची नाही, हा एक नियम. आणि ती तपासणी ज्याने तो भाग कधीच ऐकलेला नाही अशाच माणसाला वाचून दाखवून करायची, हा दुसरा. कोण आलं, काय झालं, का झालं, हे त्याला विचारायचं. आधी ऐकलेला माणूस आठवणीतून उत्तरं देतो आणि आपलं भाषांतर गचाळ असलं तरी खपून जातं. नियम मला पटलेला आहे. पण गाव चाळीस घरांचं, मी इथे बावीस वर्षं, दर रविवारी शाळेच्या खोलीत आम्ही जमतो. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. अशा गावात एक माणूस कोरा ठेवायचा म्हणजे जिवावरचं काम आहे.

तो माणूस म्हणजे आमची सुईण. सत्तरी कधीच ओलांडलीय, निम्मं गाव तिच्या हातून जगात आलं. तपासणीला अशी बाई मिळायची नाही. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ती मान हलवत नाही. समजलं नाही की म्हणते, "हे गडबडलंय, परत बोल." ख्रिस्तजन्माचा भाग मी तिच्यावरच तपासला होता, आठवतंय? सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली की गोठ्यात बाळंतीण एकटी, नाळ कुणी कापली याचा पत्ता नाही, हे कुणा पुरुषाने लिहिलेलं दिसतंय. मी आठवडाभर हसत होते.

त्यानंतर नऊ वर्षांत मी तिला एक ओळ वाचून दाखवलेली नाही. तिला शेवटासाठी राखलं. रविवारी ती शाळेच्या दाराशी येते आणि मी तिला परत पाठवते. गावाला मी ताकीद दिली आहे, तिच्यासमोर त्या विषयाचं अक्षर काढायचं नाही, आणि लोक पाळतात. ती मात्र भेटेल तिथे विचारते, त्या पोराचं पुढे काय झालं? हातून झालेल्या प्रत्येक पोराची चौकशी करायची तिची सवयच आहे. मी म्हणते, थांब, तुझ्यासाठी राखलंय. ती म्हणते, मी म्हातारी, माझ्यासाठी कशाला काय राखायचं.

तिची लेक इथल्या पोस्टात आहे. शहरातल्या पोस्टात वीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी परतली. देवाचं नाव काढलं की तिच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यामुळे तीही कोरीच. तिला मी यादीत 'राखीव' म्हणून लिहिलंय. पण मला सुईणच हवी आहे. तेव्हा त्या तिसऱ्या गाढवाला हलव.

तुझी,
ताई

३० ऑक्टोबर

प्रिय ताई,

सलाम. पत्र मिळालं. मी जेवतो, झोपतो आणि वर्ग घेतो. स्वयंपाकघरात उभ्यानेच खायची सवय लागली आहे एवढंच. वरची खोली सध्या बंद ठेवली आहे. इतक्या खोल्यांची मला एकट्याला गरज नाही.

समितीचं सांगायचं तर तिसऱ्या तपासनिसांच्या काही अडचणी आहेत. 'क्षमा' या शब्दाबद्दल त्यांचं समाधान होत नाही असं कळतं. मी पाठपुरावा करतो आहे. तू उतावीळ होणार हे मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. सहीशिवाय तपासणी करू नकोस. मागे दृष्टान्तांच्या पुस्तिकेच्या वेळी तू अशीच घाई केलीस, आणि छापलेल्या सगळ्या प्रती घरोघरी जाऊन परत मागाव्या लागल्या. तो कमीपणा तू अजून विसरली नसशील.

बावीस वर्षं थांबलीस. आणखी दोन महिन्यांनी काय बिघडणार आहे?

तुझा,
धाकटा

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

सुईण गेली.

छातीत कफ भरला, पाच दिवस ताप होता. धुक्यामुळे खालचा रस्ता बंद, डॉक्टर आला तो सहाव्या दिवशी, आणि त्याने येऊन मृत्यूच्या कागदावर सही केली. मी त्या आठवड्यात शब्दसूचीच्या कामाला खालच्या गावी गेले होते. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. टेकडीवर पुरलं तिला. सगळं गाव होतं. जिच्या हातून आपण जगात आलो तिच्यावर माती टाकायची म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पाहिलं. मोठमोठे बाप्ये पोरांसारखे रडत होते.

तुला दोष देत नाही. समितीला देते. त्या माणसाला कळव की त्याचं 'क्षमे'बद्दल समाधान झालं नसलं तरी आता घाई नाही.

खरं पत्र पुढे आहे. पुरल्यानंतर चौथ्या दिवशी तिची लेक माझ्या खोलीवर आली. बस म्हटलं तर बसली नाही. टेबलावर माझे कागद पसरलेले होते, तिकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुझ्या शिकवणुकीप्रमाणे माझी आई आता कुठे आहे?"

गावातल्या प्रत्येक मयताच्या वेळी मी काही ना काही बोललेली आहे. पण ते सगळे ऐकलेले होते. मानलं, न मानलं, तो त्यांचा प्रश्न. हिने ऐकलंच नव्हतं. शेवटी मी म्हटलं, माझा भाऊ याच विषयाचा शिक्षक आहे, त्याला विचारते. तर म्हणते, विचार, पत्र मीच टाकते. तेव्हा हे पाकीट तिच्याच हातून निघणार आहे, आणि उत्तर आलं की आधी तिच्याच हातात पडणार आहे.

धाकट्या, मला नीट उत्तर हवं आहे. वर्गात सांगतोस ते नको. ज्याने प्रभूची गोष्ट ऐकलीच नाही त्याचं काय होतं? तू स्वतः काय खरं मानतोस?

ताई

२७ जानेवारी

प्रिय ताई,

बातमीने वाईट वाटलं. तुझी आणि तिची किती वर्षांची ओळख होती ते मला माहीत आहे.

तू विचारलेला प्रश्न ख्रिस्ती मंडळीइतकाच जुना आहे. काही जण मानतात की ख्रिस्ताचं नाव जाणून घेऊन त्याच्यावर विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही, आणि न ऐकणं हे दुःखद असलं तरी ते कारण पुरत नाही, कारण मनुष्य मुळातच पापी आहे. सुवार्ता सांगायची एवढी तातडी त्यातूनच येते. दुसरे म्हणतात की देव प्रत्येकाचा न्याय त्याला मिळालेल्या उजेडावरून करतो. तारण ख्रिस्तामुळेच होतं, पण ज्याला त्याचं नाव ठाऊक नाही त्यालाही त्याचा लाभ मिळू शकतो. जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांना जपलेल्या बाईबद्दल हे लोक आशा धरतील. आणखी एक मत असं की मरणानंतरही ख्रिस्त न ऐकलेल्यांपर्यंत जातो आणि त्यांना संधी देतो. याला शास्त्रात आधार थोडा आहे, पण आहे. आणि बरेच समंजस लोक म्हणतात की हे आपल्याला सांगितलेलं नाही, न्यायी देवावर सोपवावं. वर्गात मी चारही बाजू मांडतो आणि चौथीकडे झुकतो.

लेकीला यातलं जे सोसवेल ते सांग. शोकात असलेल्या माणसाला सगळं सांगायची गरज नसते.

एक व्यवहाराची गोष्ट, रागावू नकोस. सही आता लवकरच होईल असं दिसतं. तेव्हा तपासणीसाठी यादीतली राखीव लेक चालेल. उलट, आई गेल्यामुळे तिचं मन या विषयाकडे वळलेलं असेल.

तुझा,
धाकटा

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र लेकीने स्वतः आणून दिलं आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, वाच. मी वाचायला लागले. बावीस वर्षांची सवय, समोरची ओळ डोळ्यांनी टिपली की तोंडातून त्यांच्या भाषेत बाहेर पडते, मधे विचार करायला जागाच राहत नाही. चारही मतं मी घडाघडा सांगितली आणि त्याच ओघात 'राखीव लेक चालेल' हेही सांगून मोकळी झाले. शब्द बाहेर पडल्यावर माझ्या ध्यानात आलं.

तिने विचारलं, राखीव म्हणजे? आता खोटं बोलायला वाव नव्हता. मग तिने विचारलं, आणि आई? आई काय होती? मी म्हटलं, तीही. ती निघून गेली. त्या दिवसापासून माझी पत्रं खिडकीतून सरकवते आणि वर बघत नाही.

तू मला चार खोल्यांचं घर दाखवलंस, छान झाडलेलं. पण मी विचारलं होतं की सुईण कुठल्या खोलीत आहे. पहिल्या मतात ती जळते आहे. तिसऱ्या मतात ती बरी आहे, प्रभू स्वतः तिच्यापाशी बसून सांगतो आहे. त्या मतावर मी दोन दिवस काढले, खरंच सांगते, दोन दिवस जेवण गेलं. मग मनात आलं, तसं असेल तर मी इथे बावीस वर्षं कुणासाठी झिजले? आणि दुसऱ्या मताने तर माझा जीवच घेतला. ज्याला जेवढा उजेड मिळाला तेवढ्यावरून न्याय. अरे, तिचा उजेड मी हाताने झाकून धरला होता.

तुझ्या लक्षात येतंय का? तुमचे ते न ऐकलेले लोक कुठेतरी दूर, जिथे कुणी पोचलंच नाही तिथले असतात. तिच्यापर्यंत मी पोचले होते. तिच्या चुलीपाशी बसून नऊ वर्षं तिच्या हातचं खाल्लं आणि नऊ वर्षं मूग गिळून बसले. तिला त्या यादीत कसं घालायचं? तिची यादीच कुठे नाही.

आणि आता जे लिहिते ते आधी लिहायला हवं होतं. मी तुला खोटं कळवलं. मी खालच्या गावी नव्हते. पाचही दिवस तिच्या उशाशी होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला जरा हुशारी वाटली. लेक डॉक्टरला निरोप द्यायला पोस्टात गेली होती. सुईणीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आता सांग. त्या पोराचं काय झालं?"

त्या सोळा पानांची माझी प्रत पिशवीत होती. पिशवी गुडघ्याशी होती. पूर्ण वाचायला पाऊण तास, नुसतं सांगायला पाच मिनिटं. मी म्हटलं, बरी हो, मग सगळं नीट वाचते, असं अर्धंमुर्धं कशाला ऐकतेस. ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे वळली. पाचव्या दिवशी दुपारी गेली.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची माझी छाती नाही. ती मरेल असं मला वाटलंच नाही. मला वाटलं, आत्ता सांगितलं आणि ही बरी झाली, तर माझी तपासणी वाया जाईल. झालंच तर पुस्तिकेच्या वेळची ती घरोघरची फेरी आठवली. एवढ्यासाठी, धाकट्या. एवढ्यासाठी मी तिला भिंतीकडे वळू दिलं.

आता मला पाचवं मत कळव. सांगणारीने सांगितलंच नाही तर कोणाचं काय होतं?

ताई

३ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र आल्यापासून हे सहाव्यांदा लिहितो आहे. आधीच्या पाचांत मी तुझं सांत्वन केलं होतं. ते सगळे कागद फाडले.

तो तिसरा तपासनीस मी आहे.

बहिणीचं काम भावाने तपासू नये हे मला कळत होतं. पण ती भाषा जाणणारा तिसरा माणूस समितीला मिळेना, आणि तुझं नाव पाकिटावर नसतं या सबबीवर मी होकार दिला. तुझं पाकीट आलं ते तुझ्या भावजयीला पुरून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी ते घेऊन वर गेलो, तिच्या कपाटात तिच्या चष्म्याशेजारी ठेवलं आणि खोली बंद केली. 'क्षमे'चं मी तुला जे लिहिलं ते सगळं रचलेलं होतं. मी पाकीट उघडलंच नव्हतं.

तू म्हणशील, सोळा पानं, आणि ज्या गोष्टीवर हा पोट भरतो तीच. वर्गात मी ती दरवर्षी शिकवतो. पण वर्गात ती अभ्यासाची गोष्ट असते. कोण कबरीकडे आधी गेलं, कोण नंतर, यावर मुलं वाद घालतात आणि घंटा होते. तुझ्या भाषेत मात्र कुणीतरी जवळ बसून सांगतंय असं वाटतं, आधीच्या भागांवरून मला माहीत होतं. मला भीती वाटली. ती सकाळ वाचावी आणि आपल्याला काहीच वाटू नये, अशी. तसं झालं असतं तर हिच्या कबरीवर मी जे बोललो ते सगळं खोटं ठरलं असतं. पाकीट बंद होतं तोवर प्रश्न उघडा होता. म्हणून दर महिन्याला मी तुला समितीचं नाव सांगत गेलो.

मी ऑक्टोबरमध्ये जरी सही केली असती तरी तुला तिला वाचून दाखवायला दोन महिने मिळाले असते. हे मी रोज मोजतो. तू तिच्या उशाशी माझ्या नियमाखाली गप्प बसली होतीस, आणि तो नियम पुरा करणारं पाकीट वर कपाटात पडून होतं.

परवा दुपारी वर जाऊन पाकीट फोडलं. एका बैठकीत वाचून काढलं. चूक एकही नाही, ताई. सही सोबत जोडली आहे. मला काही वाटलं का, हे तू विचारशील. माझं मलाच कळलेलं नाही. फक्त वाचून झाल्यावर बराच वेळ मी हिच्या पलंगावर बसून होतो आणि खाली यावंसं वाटेना.

मी काय खरं मानतो हे तू विचारलं होतंस आणि मी तुला चौथ्या मताकडे झुकतो म्हणून कळवलं. आता झुकायलाही काही उरलं नाही. एवढंच वाटतं की तिने ऐकलं नाही याचा जाब देव तिला विचारणार नाही. तो मला विचारेल. याला शास्त्राधार किती, ते मला माहीत नाही.

धाकटा

२० मार्च

सही पोचली. सध्या मला लिहू नकोस.

१७ जून

प्रिय ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो आहे. हे तिसरं पत्र. आधीची दोन तुला मिळाली की त्या खिडकीतच राहिली, हे कळायला मार्ग नाही.

समितीत मी सगळं सांगितलं, तुझं तिच्या उशाशी असणं सोडून. ते माझं सांगायचं नव्हतं. चिटणीसपद सोडलं. शेवटची तपासणी तुझ्या गावाबाहेरच्या माणसावर करायची परवानगी मी जाण्याआधी मिळवली आहे, तिचा कागद शाळेच्या मास्तरांच्या नावाने निराळा पाठवला. छापखान्यातून पुस्तक ऑगस्टअखेर येईल.

तू पूर्वीसारखी मला गाढव म्हणशील अशी वाट बघतो आहे.

तुझा,
धाकटा

२ सप्टेंबर

धाकट्या,

तिन्ही पत्रं मिळाली होती. तिने एकही अडवलं नाही, ती कामात चोख आहे. उत्तर द्यायची माझीच इच्छा नव्हती. तुझ्यावरचा राग गेलेला नाही आणि तो जाईल असं वचनही देत नाही. पण रागवायचं म्हटलं की तुझ्या आधी मीच आड येते, म्हणून लिहायला बसले.

तपासणी पलीकडच्या डोंगरावरच्या एका गुराख्यावर झाली. त्याला सगळं समजलं. त्याने बरोबर उत्तरं दिली, शेवटी विचारलं, झालं का, आणि गुरांकडे निघून गेला. यासाठी मी नऊ वर्षं एका बाईला दारातून परत पाठवत होते.

लेकीला मी एप्रिलमध्ये सांगितलं. तिच्या घरी जायची हिंमत झाली नाही, म्हणून पोस्टात गेले, जाळीच्या अलीकडे उभी राहिले. तिच्या आईने माझं मनगट धरून विचारलं होतं, कागद माझ्याजवळ होते आणि मी सांगितलं नाही, हे सगळं सांगितलं. का नाही सांगितलं तेही. ती पाकिटांवर शिक्के मारत होती, ती मारत राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्याच होत्या. सगळी पाकिटं संपल्यावर म्हणाली, "तुझ्या भावाच्या पत्रात होतं ना, न ऐकलेल्यांचा निवाडा वेगळा होतो? तो कसाही होऊ दे. आईला जिथे नेलं असेल तिथे मला जायचंय. ती एकटी कशी राहील? तेव्हा मला आता कधीच काही ऐकवू नकोस."

मी तिला समजवायला गेले. म्हटलं, तुला असं ठरवता येणार नाही, आणि आई काही वाईट जागी असेल असं नाही. तिने शांतपणे विचारलं, तुला नक्की माहीत आहे? मला माहीत नव्हतं. मग म्हणाली, माहीत नाही ना, मग मी तिच्याच बाजूला बरी. आणि खिडकी बंद केली. जेवणाची वेळ झाली होती.

तुझ्या चार मतांत हिला घाल बघू. आईवरच्या मायेपोटी जाणूनबुजून कोरी राहिलेली.

परवा रविवारी पुस्तक पहिल्यांदा वाचलं. शाळेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्या भाषेत छापलेलं जाडजूड पुस्तक लोक हातात घेऊन उलटंसुलटं बघत होते, वास घेत होते. लोक रडले, मला मिठ्या मारल्या. मला 'लिहिणारी' म्हणतात इथे, तर एका म्हातारीने पुस्तक माझ्या डोक्याला लावलं. आणि मला दगड झाल्यासारखं वाटत होतं. मास्तर वाचत होते. ते त्या सोळा पानांपाशी आले, अटकेचा भाग सुरू झाला, आणि मी उठले. लोकांना वाटलं, हिला भरून आलं. मी बाहेर पडले ती सरळ पोस्टात गेले.

मागच्या खोलीत ती एकटी बसली होती, टपालाच्या रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत. मी दारात उभी राहिले. तिने एक पिशवी माझ्याकडे सरकवली, तेव्हा मी बसले आणि घडी घालायला लागले. शाळा तिथून पन्नास पावलांवर. मास्तरांचा आवाज चांगला खणखणीत आहे, तुला माहीत नाही. माझेच शब्द होते, वाऱ्याबरोबर एकेक ओळ आत येत होती. तिने मान वर करून विचारलं, ते तेच वाचताहेत का? मी हो म्हटलं.

म्हणाली, "खिडकी लाव."

धाकट्या, बावीस वर्षं मी याच एका गोष्टीसाठी इथे राहिले. तिला सांगायचं ते सगळं माझ्या तोंडात तयार होतं, ती हाताच्या अंतरावर होती, आणि मला काही बोलावंही लागणार नव्हतं. नुसतं बसून राहिले असते तरी तिच्या कानावर पडलं असतं. तिची आई सांग म्हणाली होती आणि मी सांगितलं नाही. आता ही ऐकवू नकोस म्हणत होती. आईचं ऐकलं नाही, निदान हिचं तरी ऐकावं, की आईच्या वेळची चूक या वेळी तरी करू नये? मी अर्धं मिनिट तशीच बसून राहिले. तेवढ्यात काय काय आत आलं असेल कोण जाणे.

मग उठले आणि खिडकी लावली.

आम्ही पिशव्यांच्या घड्या घालत बसलो. पुढचं वाचन मी ऐकलं नाही, तिनेही नाही. लोक बाहेर पडू लागले तेव्हा ती म्हणाली, जा आता, तुला शोधत असतील. मी म्हटलं, शोधू देत.

हे मी बरोबर केलं की वाईट, ते मला कळवू नकोस. तुला माहीत नाही आणि मलाही नाही. देवाला मी एवढंच सांगून ठेवलं आहे की या दोघींना जिथे ठेवशील तिथेच मला ठेव. त्याने अजून काही उत्तर दिलेलं नाही. येत्या रविवारीही मास्तर वाचणार आहेत, आणि मी पोस्टात बसणार आहे.

हे पाकीट बंद करून तिच्याकडे देते.

तुझी,
ताई